मूळ प्रतीतला अंधार

फोटो काळे का आले, याचं खरं कारण कळायच्या आधी त्या महिन्यात एकूण नऊ जणांनी मत दिलं. त्यातल्या आठ जणांनी जन्मात कधी धड कॅमेरा हातात धरलेला नव्हता. नववे स्वतः मूळप्रत. त्यांनी तो धरला होता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

मूळप्रत हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कचेरीत, जुनी कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात, ते सव्वीस वर्षं खिडकीशी बसत होते. माणूस आला, त्याने कागद पुढे सरकवला, की ते तो न वाचताच विचारायचे, "मूळ प्रत कुठाय?" झेरॉक्स चालेल का, असं त्याने विचारलं तर ते काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. त्या बघण्याने कित्येक माणसं तीन मजले उतरून परत गेलेली आहेत. मग कुणीतरी त्यांना मूळप्रत म्हणायला लागलं. ते नाव त्यांना मनातून आवडलं होतं, फक्त तसं ते कुणाजवळ कबूल करत नसत.

त्यांची बायको हॉस्पिटलात मेट्रन होती. तेहतीस वर्षं नोकरी झाली आणि आता ती निवृत्त होणार होती. ज्याच्या नजरेने माणसं जिने उतरतात, त्या माणसाला या हॉस्पिटलात एकच ओळख होती: मेट्रनबाईंचे मिस्टर. बायकोला न्यायला गेले की वॉर्डातली आया त्यांना म्हणायची, "मिस्टर, जरा भिंतीला चिकटा, ट्रॉली येतेय." आणि मूळप्रत भिंतीला चिकटायचे. तेहतीस वर्षांत त्या भिंतीला ते किती वेळा चिकटले असतील, याची नोंद कुठेही नाही.

निरोप समारंभ ठरला. हॉस्पिटलच्या समितीने समोरच्या स्टुडिओवाल्याला फोटोसाठी बोलवायचं ठरवलं. हे बायकोने सहज जेवताना सांगितलं आणि मूळप्रतांचा घास हातातच राहिला.

"स्टुडिओवाला कशाला? आपल्याकडे कॅमेरा आहे की."

कॅमेरा होता, हे खरं. वर्षापूर्वी त्यांनी तो हौसेने घेतला होता, आणि वर्षभरात त्यातून गॅलरीत बसणाऱ्या एका कबुतराचे अकरा फोटो निघाले होते. पुढे कबूतर यायचं बंद झालं आणि हौसही बंद झाली.

"अहो, येऊ द्या ना त्याला. त्याचं रोजचं काम आहे," बायको म्हणाली.

"परका माणूस तो. त्याला तू कोण आणि चहा वाटणारी कोण, काय कळणार? घरच्या माणसाने काढायला हवेत हे फोटो."

बायको यावर काही बोलली नाही. ती वॉर्डात शंभर जणांना एका शब्दात गप्प करायची, पण घरी तिला बोलायचा कंटाळा यायचा. नवरे मंडळी याला संमती समजतात.

मूळप्रतांनी कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि दोनशे चौदा पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, हमीच्या अटींसकट. असं पुस्तक पूर्ण वाचणारा माणूस ते छापणाऱ्यांनीही पाहिला नसेल. सत्त्याऐंशीव्या पानावर त्यांचे डोळे लकाकले. तिथे लिहिलं होतं, की कॅमेरा दोन तऱ्हेने फोटो ठेवू शकतो. एक नेहमीचा, कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंगरंगोटी करून तयार केलेला. आणि दुसरा रॉ, म्हणजे भिंगातून जे आत आलं त्याची काहीही न बदललेली नोंद. मूळप्रतांनी पेन्सिलने समासात खूण केली. सव्वीस वर्षांत त्यांच्या मनातली गोष्ट कुणी इतक्या नेमक्या शब्दांत छापली नव्हती. पुस्तकात दोन्ही तऱ्हा एकदम ठेवायचीही सोय होती. मूळ प्रत असावी, आणि तिची छाननी होईपर्यंत नक्कलही असावी, हा दप्तराचा नियमच आहे. त्यांनी दोन्ही ठेवल्या. एकशे बाराव्या पानावर झगमगत्या उजेडाचं रक्षण करणारी आणखी एक सोय होती. ती काय करते हे त्यांना नीट कळलं नाही, पण रक्षण म्हटल्यावर त्यांनी तीही चालू केली.

समारंभ हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, भर दुपारी. व्यासपीठाच्या मागे तीन मोठ्या खिडक्या होत्या आणि तिन्हीतून ऊन आत येत होतं. समोर दीडशे माणसं. त्यांत वरच्या मजल्यावरचे शेजारी होते, मेहुणी आणि साडू होते. मूळप्रत मात्र खुर्चीत बसले नाहीत. ते कधी खांबाला टेकून, कधी गुडघ्यावर, कधी पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांच्या पायांवरून वाकून, असे सगळीकडे होते. एकदा ते माइकच्या वायरीत अडकले तेव्हा भाषण करणारे सर्जन थांबले आणि म्हणाले, "मिस्टर, सावकाश." दीडशे माणसं हसली. मूळप्रतांनी त्या हसण्याचाही फोटो काढला.

बायको अकरा मिनिटं बोलली. त्या अकरा मिनिटांत त्यांनी त्रेसष्ट फोटो काढले. सगळ्या दिवसाचे मिळून चारशे बारा.

आणि काय फोटो होते! कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर प्रत्येक फोटो लख्ख दिसत होता. खिडक्या नीट, चेहरे उजळ. चहाच्या वेळी माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. सर्जन म्हणाले, "स्टुडिओवाला नाही बोलावला ते बरंच झालं." साडूने चष्मा काढून, चष्मा लावून, कॅमेरा लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि त्याला एकही खोड काढता आली नाही. मूळप्रतांना त्या दिवसात सगळ्यात गोड लागलं ते हेच. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या हॉस्पिटलात भिंतीला चिकटलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अंघोळ करून, लॅपटॉप पुसून, त्यांनी सगळे फोटो आत घेतले. पाहतात तर चारशे बाराचे आठशे चोवीस झालेले. प्रत्येक फोटो दोनदा. क्षणभर ते दचकले, मग त्यांना सत्त्याऐंशीवं पान आठवलं. एक मूळ, एक नक्कल. आता सव्वीस वर्षं ज्या माणसाने दर मार्च महिन्यात नकला शोधून फाडल्या, त्याच्यासमोर चारशे बारा नकला पडल्यावर त्याचा हात कसा थांबेल? त्यांनी नकला निवडल्या, पुसल्या, कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसल्या आणि कॅमेऱ्यातलं कार्डही धुऊन साफ केलं. मग डायरीत लिहिलं: "नक्कल प्रती (४१२) नष्ट केल्या. मूळ प्रती जतन." खाली तारीख टाकली आणि सही केली. हाताखाली कुणी नसल्यामुळे साक्षीदाराची सही तेवढी राहिली.

मग त्यांनी फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली मूळ प्रत उघडली.

बायको दिसली. हातात गुच्छ, चेहरा उजळ, अगदी काल पाहिली तशी. मूळप्रत खुर्चीत मागे टेकले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फोटो काळवंडला. कुणी काही दाबलं नव्हतं. फोटो एक क्षणभर लख्ख दिसला आणि मग आपणहून अंधारात गेला. त्यांनी दुसरा उघडला. लख्ख, मग काळा. तिसरा, तसाच. प्रत्येक फोटो आधी आशा दाखवायचा आणि मग तोंड फिरवायचा. चाळीस झाले, तरी मधेच थांबणारा हा माणूस नव्हे. त्यांनी चारशे बाराच्या चारशे बारा उघडून काळे होताना पाहिले.

"कसे आलेत हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"येतायत."

ती हात पुसत येऊन मागे उभी राहिली. पडद्यावर तीन खिडक्या सुरेख आल्या होत्या. बाहेरच्या झाडाची पानं मोजता आली असती. खिडक्यांपुढे एक काळी आकृती उभी होती.

"ही मी का?"

"तूच."

"कशावरून?"

"गुच्छ आहे ना हातात."

"आणि बाजूला कोण?"

मूळप्रतांनी मान तिरकी करून पाहिलं. "सर्जन असावेत. किंवा कपाट."

बायको हसली. नंतरच्या दिवसांत मूळप्रतांना ते हसणं पुन्हा पुन्हा आठवलं, कारण त्या विषयावर ती हसली ते त्या दिवशीच.

वरच्या मजल्यावर मीटरकाका राहायचे. वीज कंपनीत मीटर तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्याचं कारण कमी व्होल्टेज हेच असतं असं त्यांचं ठाम मत होतं. ते लेंग्यावरच खाली आले, लॅपटॉपकडे न बघता भिंतीतल्या प्लगकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या मजल्यावर दाब पडतो. माझ्याकडे चला."

लॅपटॉप वर नेला. मीटरकाकांच्या प्लगवर फोटो तसेच काळे दिसले. मीटरकाकांनी मग दिवाणखान्यातला पंखा, फ्रीज आणि बायकोची इस्त्री बंद करवली. फोटो काळेच. इस्त्री मात्र अर्ध्या साडीवर राहिली होती, त्यामुळे मीटरकाकूही बाहेर येऊन चर्चेत सामील झाल्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे डोळे दाखवून घ्या. यांनासुद्धा सगळं अंधुक दिसायचं." खुद्द काकूंनाही फोटो काळेच दिसत होते, पण ही हरकत घ्यायचं त्या वेळी कुणाला सुचलं नाही. मूळप्रत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. फोटो उजव्या डोळ्यानेही काळेच दिसत असल्यामुळे या शोधाचा काही उपयोग झाला नाही, फक्त एक काळजी वाढली.

खरं तर उपाय मीटरकाकांनी त्याच दिवशी सांगितला होता. पडद्याच्या कडेला एक पट्टी होती आणि तिच्या शेजारी उजेड असा शब्द होता. मीटरकाका बोट ठेवून म्हणाले, "अहो, ही सरकवून बघा की उजवीकडे."

मूळप्रतांनी त्यांचा हात धरला. खरोखर धरला.

"काय बोलताय? मूळ प्रत आहे ही. मूळ प्रतीत खाडाखोड?"

"खाडाखोड कसली, जरा उजेड..."

"आमच्याकडे एकाने जन्मतारखेतला एक आकडा ब्लेडने खरवडला होता. जरासाच. एकोणीस वर्षं झाली, अजून चौकशी चालू आहे. आणि मी चारशे बारा कागदांना हात लावू?"

मीटरकाकांनी हात सोडवून घेतला. त्यानंतर ते महिनाभर व्होल्टेजपलीकडे काही बोलले नाहीत. दोष कॅमेऱ्यात आहे, भिंगात आहे, लॅपटॉपात आहे, तो शोधून दूर केला की मूळ प्रत आपोआप उजळेल, अशी मूळप्रतांची पक्की समजूत झाली होती. समजूत पक्की झाली की माणसाला उपाय दिसेनासा होतो, आणि याला मोतीबिंदू लागत नाही.

बुधवारी साडू मेहुणीला घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्याची फजिती झाली की या माणसाला पत्ता कसा लागतो, देव जाणे.

"पण मी तर कॅमेऱ्यात पाहिले होते," साडू खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला. "लख्ख होते. मग मध्ये काय केलंत तुम्ही?"

"काही नाही केलं."

"मग कार्ड लावा ना परत कॅमेऱ्यात. दाखवा."

मूळप्रतांनी कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण नीट बसवलं.

"पुसलंत?"

"नियमानुसार," मूळप्रत म्हणाले.

साडूने मेहुणीकडे पाहिलं, मेहुणीने बहिणीकडे पाहिलं, आणि बहिणीने टेबलावरच्या बशा उचलल्या. साडू पुढे अर्धा तास फोनवरचे फोटो किती छान येतात यावर बोलला. मूळप्रतांनी ते अपमान गिळत ऐकलं. उत्तर म्हणून एवढंच विचारलं, "मग तू का नाही काढलेस?" तर साडू म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना, मध्ये येऊ नकोस." ते खरं होतं. अगदी याच शब्दांत ते म्हणाले होते.

मग दुरुस्ती केंद्र. तिथे नंबराची चिठ्ठी, चिठ्ठीनंतर फॉर्म, फॉर्मनंतर खिडकी. खिडकीपलीकडे एक मुलगी होती. मूळप्रतांनी कॅमेरा ठेवला, फॉर्म ठेवला, पावतीची झेरॉक्स ठेवली. मुलीने झेरॉक्सकडे पाहिलं देखील नाही.

"मूळ पावती कुठाय?"

मूळप्रतांच्या कानापर्यंत ते शब्द पोहोचायला थोडा वेळ लागला. ते म्हणाले, "झेरॉक्स चालणार नाही का?" आणि ती मुलगी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. इतकी तरुण मुलगी, पण काय बघणं होतं! मूळप्रतांना मनात कुठेतरी तिचं कौतुकही वाटलं. मग ते दोन मजले उतरून खाली आले.

मूळ पावती होती, अगदी सुरक्षित होती. घरात कागदाला कसर लागते म्हणून त्यांनी ती कचेरीतल्या दप्तरखान्यात, पोलादी कपाटात, क्रमांक घालून ठेवली होती. आणि दप्तरखान्यातला कुठलाही कागद बाहेर न्यायचा तर दोन प्रतींत अर्ज, कारण, विभागप्रमुखाची शिफारस आणि कागद परत कधी येणार याची हमी लागते. हा नियम सोळा वर्षांपूर्वी मूळप्रतांनीच लिहिला होता. विभागप्रमुख त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने अर्ज वाचला, परत वाचला, आणि विचारलं, "खासगी कागद सरकारी कपाटात कसा आला, याचा खुलासा जोडता का?" खुलासा जोडण्यात पाच दिवस गेले. मूळप्रत त्या पाच दिवसांत जितके कमी बोलले तितके कमी ते लग्नाच्या आधीही कधी बोलले नसतील.

दुरुस्ती केंद्राने कॅमेरा आठ दिवस ठेवला आणि एका कागदासह परत दिला. कागदावर तीन शब्द होते: दोष आढळला नाही.

"मग फोटो काळे का येतात?"

"सर, कॅमेरा ठीक आहे म्हणजे फोटो ठीक आहेत."

"पण ते काळे आहेत."

"त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा."

सॉफ्टवेअरवाल्यांना त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं, विषय आणि संदर्भ घालून. तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं उत्तर तीन वेळा आलं. तिसऱ्या वेळी त्यांना ते पाठ झालं होतं.

इकडे घरात फोन वाजत होते. नर्सेस, आया, जुने पेशंट, सगळे विचारत होते, मेट्रनबाई, फोटो कधी दाखवताय? पहिल्या आठवड्यात ती सांगायची, "यांचं चाललंय अजून." दुसऱ्या आठवड्यात सांगायची, "येतील." तिसऱ्या आठवड्यात फोन आला की ती तो घेऊन गॅलरीत जायला लागली आणि दार ओढून घ्यायला लागली. मूळप्रतांना आतून तिची पाठ दिसायची. तिच्या आयुष्यात लोकांनी तिच्याबद्दल माइकवरून बोलावं असा तो एकच दिवस होता, आणि त्या दिवसाचा एकही चेहरा नवऱ्याने तिच्या हाती ठेवला नव्हता. हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते लॅपटॉपवरून उठत नव्हते, आणि उठत नव्हते म्हणून तिच्याशी बोलणंही होत नव्हतं.

हॉस्पिटलच्या मुख्य बोळात निवृत्त मेट्रन बायकांचे फोटो ओळीने लावलेले होते. तिथे हिचाही लागणार होता. हॉस्पिटलच्या कार्यालयाने फोटोसाठी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा वाट पाहिली नाही. शुक्रवारी ती पेन्शनच्या कागदावर सही करायला गेली तेव्हा मूळप्रत बरोबर होते. बोळात सहा भरदार, करारी बायका फ्रेममध्ये बसल्या होत्या, आणि सातव्या फ्रेममध्ये एक सडपातळ, भेदरलेली मुलगी होती. चोवीस वर्षांची. गालावर गोल शिक्क्याचा अर्धा भाग उमटलेला. नोकरीत लागली त्या दिवशी सेवापुस्तकाला चिकटवलेला फोटो कार्यालयाने मोठा करून लावला होता.

दोन नव्या नर्सेस तिथे उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "ही कोण गं? पेशंट होती का?"

मूळप्रत तडक कार्यालयात गेले. तिथला कारकून अभिमानाने म्हणाला, "काळजी करू नका, मिस्टर. झेरॉक्स नाही वापरली. सेवापुस्तकातली मूळ प्रत आहे."

मूळप्रत बाहेर आले तर बायको फ्रेमसमोर उभी होती. ती म्हणाली, "बरी दिसतेय की." आणि पिशवी उचलून चालायला लागली.

शनिवारी सकाळी मूळप्रतांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि हॉस्पिटलसमोरच्या त्याच स्टुडिओत गेले. पायरी चढताना त्यांना वाटलं, आपला जीव गेला तरी बरं. स्टुडिओवाला साठीचा होता. त्याने त्यांना ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. हा त्याचा चांगुलपणा मूळप्रतांना साडूच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागला.

त्याने चार फोटो उघडले, ते उजळून काळे होताना पाहिले आणि विचारलं, "मागे ऊन होतं?"

"हो."

"आणि कॅमेऱ्यात ती उजेड सांभाळायची सोय चालू होती?"

"होती. एकशे बारावं पान."

"मग झालं." स्टुडिओवाल्याने चष्मा वर केला. "खिडकी पांढरीफटक होऊ नये म्हणून कॅमेऱ्याने मुद्दाम कमी उजेड घेतला. आणि तुम्हाला दाखवताना चेहरे आपल्या मनाने उजळून दाखवले. त्याच्या पडद्यावर तुम्ही बघत होतात ते सगळं त्याने रंगवलेलं. रॉमध्ये ते येत नाही. आत चिकटवलेलं एक छोटं चित्र असतं, ते आधी दिसतं, मग खरी नोंद दिसते. ती काळीच असते. त्याच्याबरोबर साधे फोटोही निघाले असतील ना? ते उजळ असणार."

मूळप्रतांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते नष्ट केले."

स्टुडिओवाल्याने यावर काही विचारलं नाही. तो माणूस खरंच सज्जन होता. त्याने ती कडेची पट्टी उजवीकडे सरकवली.

"थांबा!" मूळप्रत ओरडले. "मूळ प्रत..."

"तिला काही होत नाही हो. ती आहे तशीच राहते. आपण नुसता बाजूला शेरा लिहितो, की दाखवताना एवढी उजळ दाखव. शेरा खोडला की परत पहिल्यासारखी."

शेरा! सव्वीस वर्षांत मूळप्रतांनी लाखभर शेरे मारले असतील. समासात, हिरव्या शाईने, मूळ कागदाला धक्का न लावता. एवढं कुणी त्या पहिल्या रविवारी सांगितलं असतं तर? मीटरकाकांनी बोट ठेवलं होतं, पण शेरा हा शब्द त्यांना माहीत नव्हता. स्टुडिओवाल्याने एक बटण दाबून तोच शेरा चारशे बारा फोटोंना लावला आणि चहा मागवला. चहा निवायच्या आत काम झालं. त्यासाठी मूळप्रतांनी चार आठवडे, एक मोतीबिंदू आणि एक खुलासा खर्च केला होता.

मोठ्या पडद्यावर एकेक चेहरा अंधारातून वर यायला लागला. सर्जन हे कपाट नव्हते. आया हसत होती. आणि मग बायकोच्या भाषणाचे त्रेसष्ट फोटो सुरू झाले. पहिल्या दोनचार फोटोंत ती कागदाकडे बघत होती. नंतर तिने कागद खाली ठेवला होता. नंतर ती रडत होती. एकदोन नव्हे, चाळीस फोटोंत रडत होती. गाल भिजलेले, हात माइकवर घट्ट, आणि तोंड उघडं, कारण ती रडत रडत बोलत होती. मागच्या खिडकीतली पानं तेवढीच स्वच्छ दिसत होती. हे सगळे फोटो मूळप्रतांनी दोन हातांवरून काढले होते. त्या वेळी त्यांना पडद्यावर एक हिरवा चौकोन दिसत होता आणि तो चौकोन तिच्या चेहऱ्यावरून हलू नये एवढंच ते बघत होते.

"भाषण फार मनापासून झालेलं दिसतंय," स्टुडिओवाला हळूच म्हणाला. "काय बोलल्या मेट्रनबाई?"

"आभार मानले सगळ्यांचे," मूळप्रत म्हणाले. मानले असतील, निरोपाला मानतातच.

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप जेवायच्या टेबलावर ठेवला आणि बायकोला हाक मारली. ती शेजारी बसली. एकेक फोटो बघत राहिली, नावं घेत राहिली, कुणाचं बाळंतपण कुठल्या वर्षी केलं ते सांगत राहिली. मूळप्रतांनी बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज इतका वेळ ऐकला. मग भाषणाचे फोटो आले आणि तिने लॅपटॉप जरा जवळ ओढला.

"तू रडत होतीस?" मूळप्रतांनी विचारलं.

"हो."

"का गं?"

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारातही असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"तेच तर सांगत होते," ती म्हणाली. "अकरा मिनिटं."

दीडशे माणसांनी ते ऐकलं होतं. सर्जनांनी ऐकलं होतं, आयाने ऐकलं होतं. मीटरकाका, मीटरकाकू, मेहुणी, एवढंच काय, साडूलाही माहीत होतं. आता यांतल्या कुणाच्या दारात जाऊन विचारायचं, की माझी बायको त्या दिवशी का रडली?

"मग आत्ता सांग ना," ते म्हणाले. "आत्ता ऐकतो."

"आत्ता कसं सांगू? कुणी विचारलं नव्हतं, आपणहून बोलावंसं वाटलं, तेव्हा बोलले. आता तुम्ही विचारल्यावर नाही सांगता यायचं."

ती उठली. खुर्ची नीट आत सरकवली आणि पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

"फोटो मात्र छान आलेत हं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मूळप्रतांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.